रीवर्कमधले पाच सौदे

"महिन्याले किती टक्के सुटतात?"

जिना चढून आलेला माणूस खुर्चीत बसण्याआधी हा प्रश्न विचारायचा. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ, औषधाच्या दुकानावरच्या एका खोलीत मी अठरा वर्षं शेअर दलालाची शाखा चालवली. दोन संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर भाव दाखवणारा टीव्ही आणि समोर एक लांब बाकडं, एवढीच ती शाखा. बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचं खातंच नव्हतं. उन्हाळ्यात गर्दी वाढायची, कारण खोलीत कूलर होता.

त्याआधी आठ वर्षं मी इथल्याच एका दैनिकाच्या डेस्कवर होते. बाजारभावाचं पान माझ्याकडे असे. पहिल्याच हंगामात मी एकाच अडत्याला फोन करून सोयाबीनचा भाव छापला आणि तो चुकला. दुसऱ्या दिवशी संपादकांनी आवाज न चढवता सांगितलं, की दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय कोणताही आकडा पानात जाणार नाही. तो नियम मी तिथे पाळला. इथे एकदा पाळला नाही. हे लिखाण त्याबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. शाखेचं उत्पन्न दलालीतल्या वाट्यावर चालतं. गिऱ्हाइकानं कमावलं काय किंवा गमावलं काय, सौदा झाला की वाटा येतो.

टक्क्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. टक्के कशावर काढायचे, हे त्यात नसायचं. किती सौद्यांनंतर मोजायचे, हेही नसायचं. सावली गावचे कोहळेभाऊ धानाची गिरणी चालवत. आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन येत आणि बाजार बंद होईपर्यंत बाकड्यावर बसत. एकदा त्यांनी आठ लाखांच्या शेअरांचा एका महिन्याच्या मुदतीचा करार घेतला. अशा कराराला पूर्ण पैसे लागत नाहीत. हमी म्हणून एक हिस्सा ठेवावा लागतो, त्याला मार्जिन म्हणतात. त्यांचं मार्जिन एक लाख होतं. भाव दोन टक्के चढला आणि आठ लाखांवर सोळा हजार सुटले.

"एका दिवसात सोळा टक्के, म्याडम! ब्यांक वर्षाले सात देते."

"भाऊ, गिरणीत तांदळाचा उतारा कशावर काढता?"

"धानावर."

"तांदळावर का नाही?"

"तांदूळ तं तांदूळच हाये नं जी. त्याच्यावर काढला तं शंभर टक्केच येईन."

मी त्यांना कागदावर दाखवलं. भाव उलटा गेला तर सौदा मध्येच तुटू नये म्हणून त्यांनी खात्यात चार लाख ठेवले होते. अडकलेले पैसे चार लाख, एक लाख नव्हे. सोळा हजार हा त्यावरचा चार टक्के परतावा होतो. आणि भाव दोन टक्के उतरला असता तर तेवढेच वजा झाले असते.

"तुमी सारी मजा घालवता," कोहळेभाऊ म्हणाले आणि पुढेही एका लाखावरच टक्के काढत राहिले. गिरणीत त्यांनी असं कधी केलं नसतं.

मार्जिनचा दुसरा नियम मला धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या शिक्षकांना समजावून सांगावा लागला, तोही उशिरा. करारातला नफा-तोटा रोजच्या बंद भावावर काढतात आणि त्याच दिवशी खात्यात जमा किंवा वजा करतात. खातं ठरलेल्या रकमेखाली गेलं की आणखी पैसे भरायला सांगतात. ते वेळेत आले नाहीत तर सौदा तोडतात. पावसात त्यांच्या भागातला मोबाइल टॉवर चार दिवस बंद होता आणि नेमकं तेव्हाच त्यांचं खातं त्या रकमेखाली गेलं. मी अकरा फोन केले, वेळा वहीत लिहून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयाच्या संगणकानं सौदा तोडला. शनिवारी ते एसटीनं आले.

"मले न इचारता काऊन विकलं?"

मी ही अट असलेला, त्यांच्याच सहीचा अर्ज दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, बहुधा पहिल्यांदाच.

"म्हनजे जंगलात नोकरी करनाऱ्यानं हे करूच नये?"

"मार्जिनवर करू नये, गुरुजी. पूर्ण पैसे देऊन शेअर घ्या, चार दिवस फोन लागला नाही तरी ते कुठे जात नाहीत."

त्यांनी तसंच केलं. माझा त्यांच्याकडून मिळणारा वाटा जवळजवळ बंद झाला.

आता राहिला दुसरा तुकडा, किती सौद्यांनंतर मोजायचं हा. एखाद्यानं दहा सौदे केले, सातांत फायदा झाला, तर तो दहांत सात बरोबर आला असं म्हणतो. समजा सात वेळा प्रत्येकी दोन हजार मिळाले, म्हणजे चौदा हजार. तीन वेळा प्रत्येकी सहा हजार गेले, म्हणजे अठरा हजार. दहा सौद्यांनंतर चार हजारांचा तोटा, एका सौद्यामागे चारशे. एका सौद्यामागे सरासरी काय हाती लागतं, हा जो आकडा निघतो त्याला धंद्यात एक्स्पेक्टन्सी म्हणतात. तो उणे असेल तर माणूस कितीही वेळा बरोबर येवो, जितके जास्त सौदे तितका मोठा तोटा. मार्जिनवर हे फक्त जास्त वेगानं होतं.

हा आकडा काढायला सगळे सौदे लिहिलेले असावे लागतात. मी अनेकांना वही ठेवायला सांगितलं. काहींनी आठवडाभर ठेवली. कोहळेभाऊंनी सिगारेटच्या पाकिटावर ठेवली.

मग प्रल्हाद मेश्राम आले.

मेश्रामभाऊ भद्रावतीचे. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सकाळच्या एसटीनं येत, बाजार उघडायच्या दहा मिनिटं आधी बाकड्याच्या टोकाला बसत. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात खाकी कव्हर घातलेलं जाड रजिस्टर. बाजार सुरू असताना चहा घेत नसत. निवृत्तीचे आठ लाख त्यांनी खात्यात भरले होते.

रजिस्टरात आडवे रकाने होते: अनुक्रमांक, तारीख, शेअर, घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव, फरक, निकाल. निकालाच्या रकान्यात फायदा असेल तर निळ्यानं 'पास', तोटा असेल तर लाल शाईनं 'रिजेक्ट'. प्रत्येक ओळीपुढे छोटी सही. खाडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ, वर दुरुस्ती, पुन्हा सही.

"मेश्रामसाहेब, आज माल पास का?" कोहळेभाऊ रोज विचारायचे.

"मोजल्याबिगर नाई सांगत," हे रोजचं उत्तर.

एकदा कोणीतरी बाकड्यावरून म्हणालं, "भाऊ, अंदाजे तं सांगा." मेश्रामभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "अंदाजे पास केलेला माल कोनाच्या हातात फुटला, तं त्याच्या बायकोले अंदाजे सांगू का?"

अठरा वर्षांत असं रजिस्टर ठेवणारा मला दुसरा माणूस भेटला नाही. मी त्याच्या कोऱ्या पानाची झेरॉक्स काढून इतरांना वाटली. पाहा, अशी वही ठेवा, असं सांगितलं. चौदा महिन्यांनी त्यांचे साठ सौदे पूर्ण झाले तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांची एक्स्पेक्टन्सी काढली. अठ्ठेचाळीस पास, सरासरी तीन हजारांचा फायदा. बारा रिजेक्ट, सरासरी चार हजारांचा तोटा. एक लाख चव्वेचाळीस हजार वजा अठ्ठेचाळीस हजार, राहिले शहाण्णव हजार. भागिले साठ.

"एका सौद्यामागे सोळाशे रुपये," मी म्हणाले. "या खोलीत अधिक आलेला हा पहिला आकडा."

मेश्रामभाऊंनी तो लिहून घेतला आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "इथी सही करा, म्याडम."

मी सही केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी, पन्नाशीच्या एक बाई जिना चढून आल्या. पांढरी साडी, कापडी पिशवी. बाकड्यावर न बसता सरळ माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. नाव सुशीलाबाई रायपुरे. त्यांचे यजमान मेश्रामभाऊंच्याच विभागात, त्यांच्या हाताखाली होते. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेले.

"मेश्रामभाऊ म्हनते, एका सौद्याले सोळाशे रुपये सुटतात. म्याडमनं सोता आकडा काढला, सही केली म्हनते. खरं हाये का जी?"

मी विचारलं, हे आता का विचारता?

"आम्ही सहा जन हाव, फॅक्टरीतलेच. भाऊजवळ पैसे देनार हाव. ते सौदे करतीन, आमाले हिस्सा देतीन. येत्या रविवारी सारे त्याहिच्या घरी जमनार."

"तुम्ही किती देणार?"

"दोन लाख. एफडी मोडली मी." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "चेक लिहून ठेवला."

"ते दिल्यावर मागे काय राहतं?"

"पेन्शन हाये नं. बाकी काई नाई."

दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन सौदे करणं नियमात बसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्या नियमाचं विचारायला आल्या नव्हत्या. त्यांना आकड्याबद्दल विचारायचं होतं.

"शनिवारपर्यंत कळवते," मी म्हणाले.

"आत्ता काऊन नाई? आकडा तं तोच हाये नं?"

आकडा मी एका रजिस्टरावरून काढला होता. ते रजिस्टर चांगलं होतं, पण एकच होतं. दुसरं तोंड माझ्याच संगणकात चौदा महिने पडून होतं, खात्याचा उतारा, ज्यात प्रत्येक दिवसाचं जमा-वजा असतं. मी तो कधी त्या रजिस्टराशेजारी ठेवला नव्हता. एवढ्या नीटनेटक्या माणसाचं काय तपासायचं, असं वाटलं असावं.

साडेतीनला बाजार बंद झाला. मी उतारा छापला आणि ओळीनं खुणा करत गेले. साठ सौदे रुपयापर्यंत जुळले. त्याशिवाय पाच सौदे शिल्लक राहिले, जे रजिस्टरात कुठेच नव्हते.

या पाचही करारांचे भाव ते घेतल्यानंतर उतरलेले. महिना संपला की करार संपतो. तोटा मान्य करून बाहेर पडायचं नसेल तर जुना करार विकून त्याच शेअरचा पुढच्या महिन्याचा करार घ्यावा लागतो. याला रोलओव्हर म्हणतात. मेश्रामभाऊंनी एक सौदा नऊ वेळा असा पुढे ढकलला होता, इतर चार तीन ते सहा वेळा. दर वेळी मागच्या महिन्याचा तोटा खात्यातून आधीच गेलेला, वर दोन्ही बाजूंची दलाली आणि कर. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी तीन हप्त्यांत आणखी चार लाख भरले होते.

पाच सौद्यांचा तोटा, खर्च धरून, सहा लाख सोळा हजार. रजिस्टरातला फायदा शहाण्णव हजार. पासष्ट सौद्यांचा एकत्र निकाल, उणे पाच लाख वीस हजार. एका सौद्यामागे उणे आठ हजार.

बारा लाखांतले सहा लाख ऐंशी हजार उरले होते. त्यातले सहा लाख त्या पाच करारांच्या मार्जिनमध्ये अडकलेले, मोकळे फक्त ऐंशी हजार. सहा जणांच्या पैशांची गरज कुठून आली, हे त्या ओळीत दिसत होतं. मग मी आणखी एक बेरीज केली, जी कोणी मागितली नव्हती. त्या पाच सौद्यांच्या दलालीत माझा वाटा किती झाला, याची.

शुक्रवारी मेश्रामभाऊ नेहमीच्या वेळेला आले. मी त्यांना आतल्या टेबलाशी बसवलं, सुशीलाबाई येऊन गेल्याचं आणि त्यांना शनिवारपर्यंत कळवणार असल्याचं सांगितलं आणि उतारा रजिस्टराशेजारी ठेवला. त्यांनी पाचही खुणा पाहिल्या. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"हे रजिस्टरात का नाहीत, भाऊ?"

"हे रीवर्कले गेले, म्याडम."

"म्हणजे?"

"फॅक्टरीत मालाचा लॉट तपासला. नाई बसला मापात. पन सुधारता येते, तं त्याले वापस पाठवतात. रीवर्क. तो रिजेक्ट नाई झाला, त्याचा निकाल बाकी रायते. निकाल लागल्याबिगर रजिस्टरात चढवता येत नाई. चौतीस वर्षं हेच केलं." ते बोट ठेवून समजावत होते, एखाद्या नवीन मुलीला काम शिकवावं तसं. "हे बी तसेच. भाव वर आला का निकाल लागनार. मंग चढवीन."

ते फसवत नव्हते. हे मला अजूनही नोंदवावंसं वाटतं, कारण पुढे काहींनी तसं म्हटलं. तपासणीतल्या एका बरोबर नियमानं ते चुकीची गोष्ट मोजत होते. फॅक्टरीत रीवर्कचा माल पुन्हा यंत्रावर जातो, कोणीतरी त्यावर काम करतं. इथे करार पुढच्या महिन्यात गेल्यानं शेअरवर कोणी काम करत नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो आणि रोजचा तोटा रोज खात्यातून जातो. मी एवढं सांगितलं. त्यांना पटल्याचं दिसलं नाही.

"फॅक्टरीत रीवर्कला किती वेळा पाठवता यायचं?" मी विचारलं. खरं तर मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

"दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा नाही बसला तर?"

"स्क्रॅप. साहेबाची सही असली तरी स्क्रॅप. मी एका मोठ्या साहेबाले तोंडावर नाई म्हनलं होतं एकदा. बदलीची धमकी देल्ली त्यानं."

ते बोलता बोलता थांबले. उतारा पुन्हा जवळ ओढला. एकेका सौद्यापुढे पेनाच्या टोकानं रोलओव्हर मोजले, ओठ हलत होते. नऊ. सहा. पाच. चार. तीन.

बाहेरून कोहळेभाऊंचा आवाज आला, "मेश्रामसाहेब, आज आत बसून माल पास करून राह्यले का?"

मेश्रामभाऊंनी लाल पेन काढलं. अनुक्रमांक एकसष्ट ते पासष्ट, पाच ओळी सगळे रकाने भरून लिहिल्या. निकालाच्या रकान्यात पाच वेळा 'रिजेक्ट'. पाच सह्या. मग मागचं पान उलटून माझी सही असलेल्या सोळाशेच्या आकड्यावर एक रेघ ओढली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी वर उणे आठ हजार लिहिलं आणि पुन्हा सही केली.

"रविवारी मी सांगतो त्याहिले," ते म्हणाले. "तुमी येऊ नका. मले लाज वाटनार ते वाटनार."

"आकडा माझ्या नावानं गेला आहे, भाऊ. दुरुस्तीही माझ्या नावानं जायला हवी."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "बारा वाजताच्या गाडीनं या मंग. शनिवारी सुशीलाबाईले फोन नका करू. साऱ्याहिले एका वेळी सांगू."

ते मी मान्य केलं. एका बाईला दिलेला शब्द त्यामुळे मोडला.

कॉलनीलगतच्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाच पुरुष आणि सुशीलाबाई. टीपॉयवर स्टीलच्या ताटलीत चेक ठेवलेले, सगळ्यांत वर सुशीलाबाईंचा. आधी आपलेच पैसे वापरा, असं त्यांनीच मेश्रामभाऊंना सांगितलं होतं.

मेश्रामभाऊंनी उभं राहून रजिस्टर वाचलं, फॅक्टरीत तपासणीचा अहवाल वाचत असावेत तसं. एकूण सौदे पासष्ट. पास अठ्ठेचाळीस. रिजेक्ट सतरा. निकाल उणे. मग म्हणाले, "मी तुमच्यासमोर साठच ठेवले होते. पाच बाजूले ठेवले. चूक माझी हाये."

लांडे नावाचे गृहस्थ, मेश्रामभाऊंबरोबर एकाच वर्षी निवृत्त झालेले, उसळले. "इतके दिवस पास पास म्हनत होता बे! एका दिवसात सारा माल सडला का?"

"सडला पयलेच होता. मी आत्ता पाह्यला."

लांडे माझ्याकडे वळले. "आन तुमी? पेपरात होत्या म्हनते. पेपरवाल्याहिचा आकडा असाच रायते का?"

मी सांगितलं की आकडा मी एका कागदावरून काढला, दुसरा कागद माझ्याकडेच होता आणि मी तो पाहिला नाही. याहून जास्त स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हतं.

कोणीतरी विचारलं, की आता भाव वर आले तर तोटा भरून निघेल ना? मी म्हणाले, निघू शकतो. पण पासष्ट सौद्यांत या पद्धतीनं प्रत्येक सौद्यामागे आठ हजार गेले आहेत. तीच पद्धत जास्त पैशांनी चालवली तर तोटाही तेवढाच मोठा होईल, असं धरून चालावं.

सुशीलाबाईंनी मला विचारलं, "त्या पाचांतून तुमाले किती भेटले जी?"

"एकोणीस हजार दोनशे."

मेश्रामभाऊंनी मान वर केली. त्यांना हा आकडा माहीत नव्हता.

"म्हनजे माल बुडत राह्यला," सुशीलाबाई म्हणाल्या, "आन नाक्यावाल्याची पावती फाटत राह्यली."

"हो."

त्यांनी ताटलीतला वरचा चेक उचलला, नाव आणि रक्कम वाचून पाहिली आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मेश्रामभाऊंनी रजिस्टर पुढे केलं. चेक परत घेतल्याबद्दल सुशीलाबाईंनी सही केली. मग बाकीच्यांनी केली. लांडे सही न करताच चेक घेऊन गेले. पुढे त्यांनी मोबाइलवर स्वतःचं खातं उघडल्याचं कानावर आलं.

सोमवारी बाजार उघडल्यावर मेश्रामभाऊंनी पाचही करार विकायला सांगितले. एकेक नाव त्यांनी घेतलं, मी ऑर्डर टाकली. चार मिनिटं लागली. उरलेले पैसे त्यांनी बँकेत वळते केले. माझा वाटा परत करायला मी लिहिलेला एकोणीस हजार दोनशेचा चेक त्यांनी घेतला नाही. "रिवाज नाई," एवढंच म्हणाले. कोणता रिवाज, ते सांगितलं नाही.

त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या महिन्याच्या कागदावर एक ओळ छापायला लागले, चालू सौद्यांचा तोटा धरून एका सौद्यामागे किती. बहुतेकांचा आकडा उणे असे. काहींनी मार्जिनवरचे सौदे थांबवले. त्याहून जास्त जण दुसरीकडे गेले, जिथे अशी ओळ छापत नाहीत आणि मोबाइलच्या पडद्यावर मार्जिनवरचेच टक्के हिरव्या अक्षरांत दिसतात. शाखेचं भाडं निघेना. मागच्या वर्षी मी ती बंद केली. आधीपासून ती ओळ छापली असती, तर कदाचित खूप लवकर बंद करावी लागली असती. ती मी इतकी वर्षं का छापली नाही, याचं यापेक्षा सोयीचं कारण मला सापडलेलं नाही.

मेश्रामभाऊ अधूनमधून येत राहिले. सौदा करत नसत. त्या पाच शेअरांचे भाव मात्र रोज रजिस्टरात लिहीत. अडीच महिन्यांनी त्यातला एक, नऊ वेळा रोलओव्हर झालेला, त्यांनी मुळात घेतला होता त्या भावाच्याही वर गेला. कोहळेभाऊंनी तो टीव्हीवर पाहिला आणि त्यांना राहवलं नाही.

"पाहा, मेश्रामसाहेब! थांबले असते तं आज पेढे वाटले असते. म्याडमनं घाबरवलं तुमाले."

बाकडं हसलं. मेश्रामभाऊंनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. विकल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब तिथे होता, पाचही करार ठेवले असते तर खात्याचं काय झालं असतं याचा. पाचव्या आठवड्यातल्या एका बुधवारी भाव सगळ्यांत खाली होते. त्या ओळीखाली लाल रेघ होती.

"या दिवशी दोन लाख श्याहत्तर हजार आनखी उतरले असते. माझ्याजवळ मोकळे ऐंशी हजार. एक लाख शहाण्णव हजार त्याच दिवशी भराले लागले असते, नाई तं सौदा तुटला असता."

"मंग भरले असते नं," कोहळेभाऊ म्हणाले. "सहा जनाहिचे पैसे होते नं तुमच्याजवळ."

"होते नं. ताटलीत वरचा चेक दोन लाखाचा, सुशीलाबाईचा. पयले तोच गेला असता."

"पन वर आला नं भाव! वापस आले असते."

"एक आला," मेश्रामभाऊ म्हणाले. त्यांनी बोट उरलेल्या चार ओळींवर फिरवलं. "हे चार अजून खालीच हायेत. त्याहिच्यात फसले असते बाईचे पैसे, अन् मी तिले म्हनत रायलो असतो, निकाल बाकी हाये."